जुन्या डेस्कटॉपवर शाळेचा मेल सर्व्हर: ६०० खाती, ८ जीबी रॅम, जमेल का?

संगणककक्ष

शाळेचा स्वतःचा मेल सर्व्हर उभा करायचा आहे. विद्यार्थी ५६०, शिक्षक आणि कर्मचारी ४५, म्हणजे ६०० च्या आसपास खाती. हाताशी चार कोअरचा जुना डेस्कटॉप आहे: ८ जीबी रॅम, ५०० जीबीची एक फिरती हार्ड डिस्क, गिगाबिट नेटवर्क कार्ड. डोमेन शाळेच्या नावावर आहे. इंटरनेट ब्रॉडबँडचं आहे, मागितला तर स्थिर आयपी मिळतो.

डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेलची ने-आण), डव्हकॉट (खात्यांत मेल साठवणं आणि दाखवणं), आरस्पॅमडी (स्पॅम गाळणं) आणि वेबमेलसाठी राउंडक्यूब टाकायचा बेत आहे. मुलं बहुतेक संगणक कक्षातूनच मेल बघतील, एका तासाला ४० जण एकदम. शिक्षक फोनवरूनही वापरतील. व्हायरस तपासायला क्लॅमएव्हीही टाकावं असं वाटतं.

एवढ्या मशीनवर हे भागेल का? रॅम वाढवू की डिस्क बदलू? आणि सर्वांत मोठी शंका ही, की आपल्या सर्व्हरवरून गेलेली मेल जीमेलसारख्या ठिकाणी इनबॉक्समध्ये पोचते का, की स्पॅममध्येच जाते?

---

डाकपेटी

मशीन पुरेल. मेल सर्व्हरला प्रोसेसर फार लागत नाही, त्याचा जीव डिस्कमध्ये अडकलेला असतो. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी डिस्कवर घाला.

आलेली प्रत्येक मेल पोस्टफिक्स आधी रांगेत लिहितो, ती डिस्कवर खरोखर उतरल्याची खात्री करून घेतो आणि मगच पाठवणाऱ्या सर्व्हरला 'मिळाली' असं कळवतो. त्यानंतर डव्हकॉट तीच मेल खात्यात लिहितो आणि इंडेक्सही लिहितो. फिरत्या डिस्कवर अशी लहान लहान लिखाणं सेकंदाला शंभरेकच होतात. तास सुरू होताना ४० मुलांनी वेबमेल उघडलं की सगळे एकाच डिस्कच्या दाराशी उभे राहतात. रॅम १६ जीबी केलीत तरी ही रांग हटणार नाही. सुमारे ५०० जीबीच्या दोन एसएसडी घ्या, लिनक्सच्या एमडीएडीएमने रेड १ मध्ये जोडा, म्हणजे दोन्हींवर सारखीच प्रत राहील, आणि जुनी डिस्क काढून टाका. दोन्ही एसएसडी एकाच बॅचच्या नकोत, कारण सारखं लिखाण झेलून त्या एकाच सुमारास मान टाकू शकतात.

जागेचा हिशेब करू. विद्यार्थ्याला २०० एमबी धरले तर ५६० जणांचे ११२ जीबी. शिक्षकाला ३ जीबी धरले तर ४५ जणांचे १३५ जीबी. म्हणजे सगळ्यांनी कोटा गळ्यापर्यंत भरला तरी २५० जीबीच्या आत. कोटा पहिल्या दिवसापासून लावा, नंतर लावला की शिक्षकांशी वाद होतात. शिवाय तो असा लावा की भरलेल्या खात्याची मेल दारातच नाकारली जाईल. डव्हकॉटची कोटा-स्टेटस सेवा एका पोर्टवर चालू करून पोस्टफिक्सच्या प्राप्तकर्ता तपासणीत ती पॉलिसी सर्व्हिस (मेल घेण्याआधी पोस्टफिक्स जिला विचारतो ती) म्हणून जोडायची. हे केलं नाही तर पोस्टफिक्स मेल स्वीकारतो, डव्हकॉट ती नाकारतो आणि मग तुमचा सर्व्हर 'पोचली नाही' अशी परतमेल पाठवत बसतो. ती परतमेल बऱ्याचदा स्पॅमवाल्याने वापरलेल्या खोट्या पत्त्यावर जाते आणि स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत तुमचं नाव चढतं.

आता रॅम. आरस्पॅमडी आणि त्याच्या नोंदी ठेवणारा रेडिस मिळून अंदाजे अर्धा जीबी. राउंडक्यूब चालवणारे पीएचपीचे २० वर्कर प्रत्येकी ४० एमबी धरून ८०० एमबी. मारियाडीबी डेटाबेस ३०० ते ४०० एमबी. दीडशे आयमॅप सत्रं (मेल वाचायच्या जोडण्या) एक जीबीच्या आत. अडीच ते तीन जीबीत सगळं बसतं, उरलेली रॅम लिनक्स फाइल कॅशला वापरतो आणि ती तिथेच हवी असते.

क्लॅमएव्ही मात्र टाकू नका. व्हायरस ओळखायच्या खुणांचा त्याचा संच एकट्याने एक जीबीहून जास्त जागा धरतो. नवा संच आला की मूळ सेटिंगप्रमाणे तो जुना मेमरीत ठेवूनच नवा चढवतो, म्हणजे तेवढा वेळ दुप्पट. त्याच क्षणी वर्ग भरलेला असेल तर रॅम संपते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) कुठली तरी प्रोसेस मारतो, आणि ती क्लॅमएव्हीच असेल असं नाही. त्यापेक्षा आरस्पॅमडीच्या माइम टाइप्स मॉड्यूलमध्ये चालवता येणाऱ्या फाइलींची एक्स्टेन्शनं अडवा: ईएक्सई, एससीआर, जेएस, व्हीबीएस, एलएनके, आयएसओ. झिपच्या आतल्या फाइलींची नावंही ते बघतं. शाळेला अशी जोडपत्रं मेलने लागत नाहीत.

एक सापळा वेबमेलचा. राउंडक्यूब प्रत्येक क्लिकला नव्याने आयमॅप लॉगिन करतो, म्हणजे प्रत्येक क्लिकला पासवर्डचा हॅश (त्याचं साठवलेलं सांकेतिक रूप) नव्याने पडताळला जातो. सुरक्षिततेच्या उत्साहात आर्गॉन२ या हॅश पद्धतीला भरपूर मेमरी दिलीत तर ४० मुलांच्या क्लिकांनी हेच मशीन धापा टाकेल. एसएचए५१२-क्रिप्ट किंवा माफक फेऱ्यांचं बीक्रिप्ट पुरे. डव्हकॉटचं ऑथ कॅश (लॉगिनच्या माहितीची तात्पुरती साठवण) चालू करा. त्याने डेटाबेसची फेरी वाचते, हॅशची पडताळणी तरीही होतेच. ती पडताळणी ऑथ-वर्करकडे सोपवायचं वेगळं सेटिंग आहे, तेही चालू करा म्हणजे काम चारही कोअरवर वाटलं जाईल.

दुसरा सापळा डव्हकॉटच्या मर्यादांचा. लॉगिन प्रोसेसची मूळ मर्यादा १०० आहे, आणि मूळच्या, जास्त सुरक्षित पद्धतीत प्रत्येक टीएलएस (एन्क्रिप्टेड) जोडणीला स्वतंत्र लॉगिन प्रोसेस लागते. शिक्षकांचे फोन दिवसभर जोडलेले असतात, त्यात वर्ग उघडला की शंभरी गाठली जाते आणि लॉगमध्ये 'प्रोसेस लिमिट रीच्ड' दिसू लागतं. वापरणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं, की मेल कधी उघडते, कधी नाही. आयमॅप-लॉगिनचा सर्व्हिस काउंट शून्य करा, म्हणजे एक प्रोसेस अनेक जोडण्या सांभाळेल, आणि किमान तयार प्रोसेस चार ठेवा, प्रश्न मिटतो.

डेबियन १३ टाकणार असाल तर त्यात डव्हकॉट २.४ येतो. २.३ साठी लिहिलेली कॉन्फिग फाइल तो घेत नाही, फाइलच्या सुरुवातीलाच कॉन्फिग आवृत्तीची ओळ मागतो. नेटवरच्या बहुतेक मार्गदर्शिका २.३ च्या आहेत. त्यातले तुकडे चिकटवण्याआधी कुठल्या आवृत्तीसाठी लिहिलंय ते बघा.

---

उलटाशोध

वरचं सगळं पटलं. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र मी वेगळं वजन देईन. मेल घेणं आणि साठवणं हे या मशीनचं काम आहे, ते करेल. मेल बाहेर पोचवणं मशीनच्या ताकदीवर अवलंबूनच नाही, ते तुमच्या आयपीच्या इभ्रतीवर चालतं. ब्रॉडबँडच्या आयपीला ती मुळातच नसते.

आधी तीन गोष्टी तपासा. राउटरला मिळालेला पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सेवादात्याच्या सामाईक नॅटमागे (अनेक ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता) आहात, पोर्ट फॉरवर्डिंग कितीही केलंत तरी बाहेरून कोणी आत येणार नाही. स्थिर आयपी घेतलात तर पोर्ट २५ (मेल सर्व्हर एकमेकांशी ज्यावरून बोलतात ते) दोन्ही दिशांनी उघडं आहे का ते विचारा, घरगुती जोडण्यांवर ते बहुधा बंद असतं. आणि त्या आयपीचा पीटीआर रेकॉर्ड (आयपीवरून नाव सांगणारी डीएनएसची नोंद) तुमच्या नावाने लावून मिळेल का ते लेखी विचारा. पीटीआर तुमच्या डोमेनच्या पॅनेलमधून लागत नाही, ज्याचा आयपी त्यालाच लावता येतो. पीटीआरमधलं नाव, त्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) आणि पोस्टफिक्सचं 'मायहोस्टनेम' तिन्ही जुळायला हवीत.

यातलं एकही अडलं तर भांडत बसू नका. बाहेर जाणारी मेल एखाद्या एसएमटीपी रिलेमार्फत, म्हणजे तुमची मेल पुढे पोचवणाऱ्या सेवेमार्फत, पोर्ट ५८७ वरून पाठवा. मी तर तिन्ही जमलं तरीही रिलेच सुचवेन. पोस्टफिक्सच्या 'रिलेहोस्ट'मध्ये रिलेचं नाव चौकोनी कंसात लिहून पुढे पोर्ट द्या. कंस नसतील तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स (मेल घेणाऱ्या सर्व्हरची नोंद) शोधायला जातो आणि भलत्याच मशीनवर पोचतो. पासवर्डच्या फाइलवर पोस्टमॅप (तिला पोस्टफिक्स वाचू शकेल असं रूप देणारी आज्ञा) चालवायला विसरू नका, त्या फाइलची परवानगी फक्त रूटला ठेवा, टीएलएस 'एन्क्रिप्ट'वर ठेवा. डेबियनवर सॅसलचं (लॉगिन हाताळणारं) मॉड्यूल पॅकेज वेगळं असतं. ते नसेल तर लॉगमध्ये 'नो मेकॅनिझम अव्हेलेबल' येतं आणि माणूस तासन्‌तास पासवर्ड तपासत राहतो.

डीएनएसचं थोडक्यात:

एमएक्स रेकॉर्डमध्ये होस्टचं नावच हवं, थेट आयपी नको आणि सीनेमही (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद) नको.

एसपीएफ (तुमच्या डोमेनची मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात ती यादी) एकच रेकॉर्ड. दोन लावले तर तपासणारा दोन्ही फेटाळतो. त्यात रिलेवाल्याचा इन्क्लूड घाला आणि सगळे धरून डीएनएसचे शोध १० च्या आत ठेवा, त्यापुढे तपासणी चूक ठरते.

डीकेआयएमची सही (मेल खरी असल्याची डिजिटल खूण) तुमच्या आरस्पॅमडीने तुमच्या डोमेनची करावी, रिलेवर सोपवू नये. रिलेवाले परतीचा पत्ता अनेकदा स्वतःच्या डोमेनचा लावतात, त्यामुळे डीमार्कच्या (दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या डोमेनशी एसपीएफ किंवा डीकेआयएम जुळतो का ते बघणाऱ्या नियमाच्या) नजरेत एसपीएफ जुळत नाही. डीकेआयएम तुमचा असला की डीमार्क तरीही पास होतो. किल्ली २०४८ बिटांची घ्या. ती टीएक्सटी रेकॉर्डच्या एका तुकड्यात बसत नाही, कारण एका तुकड्याला २५५ अक्षरांची मर्यादा आहे. दोन अवतरणांत तोडून लिहावी लागते. काही पॅनेल हे आपोआप करतात, काही गुपचूप शेपूट कापतात. म्हणून लावल्यावर डिग (डीएनएस तपासायची आज्ञा) वापरून पूर्ण किल्ली बाहेर दिसते ना ते बघा.

डीमार्क आधी 'नन' धोरणावर, म्हणजे काहीही न अडवता, अहवालाचा पत्ता देऊन. दोनतीन आठवडे अहवाल वाचा. शाळेच्या नावाने आणखी कोण मेल पाठवतंय ते तिथे कळतं: फीचं सॉफ्टवेअर, वेबसाइटचा संपर्क फॉर्म. त्यांची सोय लावली की 'क्वारंटाइन', म्हणजे नापास मेल स्पॅममध्ये.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने लहान-मोठ्या सगळ्या पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम, जुळणारा पीटीआर आणि टीएलएस बंधनकारक केलं आहे. दिवसाला ५००० हून जास्त मेल त्यांच्याकडे पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही लागतात. शाळा त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही, तरी तिन्ही लावा. खर्च शून्य आहे आणि शाळेच्या नावाने पालकांना खोटी मेल पाठवणं त्यामुळे अवघड होतं.

मशीनला आयपीव्ही६ मिळत असेल आणि त्याचा पीटीआर नसेल, तर पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वर ठेवा. नाहीतर अधूनमधून काही मेल परत येतात आणि कारण सापडत नाही.

दुसरा एमएक्स लावू नका. सर्व्हर बंद असेल तर पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, पोस्टफिक्सची तर मूळ मुदतच ५ दिवसांची आहे. एका रात्रीच्या वीजबंदने मेल हरवत नाही. दुसऱ्या एमएक्सला खात्यांची यादी नसते, स्पॅमवाले मुद्दाम तिथूनच शिरतात.

---

संगणककक्ष

दोघांचेही मनापासून आभार. स्थिर आयपी मिळाला, पोर्ट २५ आत यायला उघडं आहे, पीटीआर मात्र लावून देत नाहीत. म्हणून रिले घेतला. एसएसडी जोडल्या, रेड १ केला. आत येणारी मेल यायला लागली.

आता अडचण अशी. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मेलच्या 'रिसीव्ह्ड' ओळीत पाठवणाऱ्याचा आयपी १९२.१६८.१.१ दिसतो, म्हणजे आमच्या राउटरचा. आरस्पॅमडी सगळ्यांचा एसपीएफ नापास दाखवतो. 'मायनेटवर्क्स'मध्ये (पोस्टफिक्सच्या विश्वासू पत्त्यांच्या यादीत) १९२.१६८.१.० चं पूर्ण नेटवर्क टाकलं आहे, म्हणजे कार्यालयातला प्रिंटर स्कॅन मेल करू शकेल. चुकलं कुठे?

---

दारवान

पोर्ट २५ चं फॉरवर्डिंग आत्ता, हे वाचताना, बंद करा. तुमचा सर्व्हर या घडीला ओपन रिले आहे, म्हणजे कोणीही त्यातून कुठेही मेल पाठवू शकतो.

राउटर आत येणाऱ्या जोडणीचा मुक्कामाचा पत्ता बदलतोय, तो बदलायलाच हवा. पण तो पाठवणाऱ्याचाही पत्ता बदलून स्वतःचा लावतोय. पोस्टफिक्सला अख्खं जग १९२.१६८.१.१ वरून आल्यासारखं दिसतं, तो पत्ता 'मायनेटवर्क्स'मध्ये आहे, आणि 'परमिट मायनेटवर्क्स' कुठल्याही पासवर्डविना कुठेही मेल पाठवू देतं. एसपीएफ नापास होतोय तोही याच कारणाने, कारण तपासणी राउटरच्या पत्त्याची होते.

बहुतेकदा याचं मूळ राउटरच्या मास्करेड नियमात (पाठवणाऱ्याच्या जागी राउटरचा पत्ता लावणाऱ्या) असतं. तो नियम फक्त बाहेरच्या, म्हणजे इंटरनेटकडच्या इंटरफेसने निघणाऱ्या पॅकेटांना लागला पाहिजे. इंटरफेस न लिहिता लावला की आत येणारेही त्यात सापडतात. दुसरं कारण नॅट लूपबॅक: शाळेतून मेलचं बाहेरचं नाव उघडता यावं म्हणून चालू केलेला पर्याय काही राउटरमध्ये सगळ्यांचाच पत्ता बदलतो. तो बंद करा आणि शाळेच्या आतल्या डीएनएसमध्ये मेल सर्व्हरच्या नावाला आतला आयपी द्या. वर्गातलं मशीन मग राउटरला वळसा न घालता थेट सर्व्हरवर जाईल आणि प्रमाणपत्रातलं नावही जुळेल.

'मायनेटवर्क्स'मध्ये फक्त १२७.०.०.० चा लूपबॅक (मशीनचा स्वतःशीच बोलायचा पत्ता) आणि आयपीव्ही६ चा लूपबॅक ठेवा. प्रिंटरला एक खातं द्या, पोर्ट ४६५ वर पासवर्डने पाठवू द्या. प्रिंटर इतका जुना असेल की टीएलएस बोलतच नाही, तर त्याचा एकट्याचा आयपी घाला. आणि हे राउटर दुरुस्त झाल्यावर. अख्खं नेटवर्क कधीच नको. कक्षातल्या एका मशीनमध्ये स्पॅम पाठवणारा प्रोग्राम शिरला तर त्याला पासवर्डसुद्धा लागणार नाही.

पोर्ट २५ वर लॉगिनची सोय बंद ठेवा, ती फक्त ४६५ आणि ५८७ वर द्या. पासवर्ड चाचपडणारे बॉट २५ वर सतत येतात.

दुरुस्ती झाली की मोबाइल डेटावरून, शाळेचं वायफाय सोडून, पोर्ट २५ ला जोडून तपासा. बाहेरच्याच दोन पत्त्यांमध्ये मेल पाठवायचा प्रयत्न करा. 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं पाहिजे. मोबाइलवर २५ बंद असेल तर बाहेरच्या एखाद्या सर्व्हरवरून करा. शाळेच्या आतून केलेली चाचणी इथे काहीच सिद्ध करत नाही. दरम्यान रांग बघा. ओळख नसलेल्या मेल तिथे साचल्या असतील तर त्या पुसून टाका आणि रिलेवाल्याकडचा आजचा आकडा तपासा.

आरस्पॅमडीबद्दल एक. डीएनएससाठी गूगल किंवा क्लाउडफ्लेअरचा सार्वजनिक रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं शोधून देणारा सर्व्हर) लावला असेल तर काढा. काळी यादी चालवणारं स्पॅमहाउस सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून आलेले प्रश्न नाकारतं आणि १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. काळ्या यादीचा उपयोग तिथेच संपतो, आणि कॉन्फिग कच्ची असेल तर प्रत्येक मेल यादीत असल्यासारखी वाटते. याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर टाका, त्याला कुठेही फॉरवर्ड न करता मुळापासून शोधू द्या.

फेल२बॅन (पासवर्ड वारंवार चुकला की तो आयपी अडवणारा प्रोग्राम) लावाल तर शाळेचं नेटवर्क त्याच्या सवलतीच्या यादीत घाला. पहिल्या दिवशी ४० मुलं पासवर्ड चुकवणारच, आणि वेबमेलमधून चुकलेला पासवर्ड डव्हकॉटला लूपबॅकवरून आलेला दिसतो.

---

तिसरीघंटा

तांत्रिक बाजू वर आली आहे. शाळेत सर्व्हर कोलमडतो तो बहुतेक वेळा खात्यांच्या आखणीमुळे, त्यावर लिहिते.

विद्यार्थ्यांचं सबडोमेन वेगळं ठेवा, शिक्षकांचं मूळ डोमेनवर. एखाद्या मुलाचं खातं फुटलं तर शाळेच्या कार्यालयाची इभ्रत त्यात ओढली जात नाही. पत्त्यात प्रवेश वर्ष आणि नोंदणी क्रमांक घाला. सारख्या नावांचा गुंता टळतो, वर्ग बदलला तरी पत्ता बदलत नाही. शाळा सोडून गेलेल्याचा पत्ता पुन्हा कुणालाही देऊ नका, जुन्या पत्त्यावर त्याची खासगी मेल नंतरही येत राहते.

लहान वर्गांची खाती फक्त शाळेपुरती ठेवा. पोस्टफिक्समध्ये रेस्ट्रिक्शन क्लास करायचा: विद्यार्थ्यांच्या सबडोमेनवरून पाठवणारा असेल तर प्राप्तकर्ता शाळेच्या डोमेनांपैकीच हवा, नाहीतर नकार. उलट दिशेलाही तसाच, बाहेरून येणारी मेल त्या खात्यांना नाकारायची. ५६० पैकी बहुतेक खाती बाहेर मेल पाठवूच शकत नसतील तर फुटलेल्या पासवर्डचा उपद्रव शाळेच्या भिंतीतच राहतो.

पण हा नियम पाठवणाऱ्याचा पत्ता बघून चालतो, आणि तो पत्ता मूल स्वतः बदलू शकतं. म्हणून लॉगिन आणि पत्ता यांचा नकाशा देऊन 'रिजेक्ट सेंडर लॉगिन मिसमॅच' लावणं अनिवार्य आहे. तेवढ्यानेही काम पुरं होत नाही. ही तपासणी फक्त लिफाफ्यावरचा (सर्व्हर एकमेकांना सांगतात तो) पत्ता बघते, वाचणाऱ्याला दिसणारी 'फ्रॉम' ओळ बघत नाही. लिफाफा स्वतःचा ठेवून 'फ्रॉम'मध्ये मुख्याध्यापकांचा पत्ता टाकून उद्या सुट्टी असल्याची मेल अख्ख्या वर्गाला जाऊ शकते. उपाय दोन टप्प्यांचा. राउंडक्यूबमध्ये आयडेंटिटीज लेव्हल ४ करा, मग फक्त सही बदलता येते, नाव-पत्ता नाही. आणि विद्यार्थ्यांना वेबमेलशिवाय दुसरी वाटच ठेवू नका: डव्हकॉटमध्ये त्यांच्या खात्यांना 'अलाउ नेट्स' लावून फक्त लूपबॅकवरून लॉगिन होऊ द्या. लूपबॅकचे दोन्ही पत्ते लिहा, आयपीव्ही४ चा आणि आयपीव्ही६ चाही. राउंडक्यूब 'लोकलहोस्ट' म्हणून कधी एकावरून जातो, कधी दुसऱ्यावरून. एक विसरलात तर सगळी मुलं बाहेर आणि शिक्षक आत, असं चित्र दिसेल.

गटांचे पत्ते लगेच लागतात: इयत्ता, तुकडी, सर्व शिक्षक. त्या प्रत्येकाला कोण लिहू शकतो हे प्राप्तकर्ता-नियमात बांधा. 'सर्व विद्यार्थी' हा गट मुख्याध्यापक आणि कार्यालय अशा दोनतीन खात्यांनाच. मोकळा ठेवलात तर एका मुलाचं 'सर्वांना उत्तर' ५६० खात्यांत पडतं, त्याला पुढची उत्तरं येतात, आणि अर्ध्या तासात सर्व्हर तेवढंच करत बसतो.

गटाला जोडपत्र पाठवू नका असं शिक्षकांना पहिल्याच बैठकीत सांगा. ५ एमबीची पीडीएफ मेलच्या बेस६४ रूपात सुमारे ७ एमबी होते, ५६० खात्यांत गेली की ३.८ जीबी. प्रत्येकाच्या २०० एमबीतले ७ त्या एका पत्रकाने खाल्ले. फाइल शाळेच्या वेबसर्व्हरवर ठेवून दुवा पाठवायचा.

याच गणितामुळे 'मेसेज साइज लिमिट'ही समजून घ्या. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट आहे, म्हणजे साडेसात एमबीच्या आसपासचं जोडपत्र. शिक्षक ९ एमबीची फाइल जोडतात, ती परत येते, आणि '१० एमबी चालतात ना?' अशी तक्रार येते. मर्यादा वाढवलीत तर राउंडक्यूब, पीएचपीची अपलोड आणि पोस्ट मर्यादा, एनजिनएक्स वेबसर्व्हरची बॉडी मर्यादा या चारही जागी वाढवा. सर्वांत लहान आकडा जिंकतो.

आरस्पॅमडीचं रेटलिमिट प्रत्येक लॉगिनला लावा. विद्यार्थ्याला तासाला ३० मेल, शिक्षकाला १००, गटांसाठी मोजक्या खात्यांना जास्त. फुटलेलं खातं ओळखायची हीच सर्वांत लवकरची खूण आहे, म्हणून मर्यादा ओलांडली की तुम्हाला सूचना यायला हवी.

शिक्षक स्वतःच्या खासगी खात्यावर सगळी मेल फॉरवर्ड करायला बघतात. परवानगी देऊ नका. आलेला स्पॅमही तुमच्या नावाने पुढे जातो. सीव्हमध्ये (डव्हकॉटच्या मेल-नियमांची भाषा) कमाल रिडायरेक्ट शून्य केले की वाट बंद होते. त्यांना फोनवर आयमॅप लावून द्या, फॉरवर्डची गरज उरत नाही.

पहिला पासवर्ड जन्मतारखेचा नको. मुलांना एकमेकांच्या जन्मतारखा पाठ असतात.

---

डाकपेटी

तिसरीघंटा यांच्या विद्यार्थ्यांना फक्त वेबमेल देण्याच्या सूचनेवर एक पुरवणी. वरच्या वर्गांतल्या मुलांना फोनवर मेल हवी असेल तर 'अलाउ नेट्स' सगळ्यांना सरसकट न लावता डेटाबेसमध्ये खात्यागणिक रकाना ठेवा. डव्हकॉट तो क्वेरीतून उचलतो. नववी-दहावीला नंतर मोकळीक द्यायची ठरलं तर एका ओळीचं काम राहतं. मात्र 'फ्रॉम' ओळीची पळवाट त्यांना उघडी होते, त्यामुळे आरस्पॅमडीत लॉगिन आणि 'फ्रॉम' न जुळल्यास मेल नाकारणारा नियम आधी लिहा.

---

संगणककक्ष

राउटरचा मास्करेड नियम दुरुस्त केला, बाहेरून तपासलं, 'रिले अ‍ॅक्सेस डिनाइड' आलं. 'रिसीव्ह्ड'मध्ये आता खरे आयपी दिसतात. रांगेत नको ते काही नव्हतं. दारवान, तुम्ही वेळेवर सांगितलंत.

शेवटचं: वीज जाते, आणि बॅकअप कुठे, कसा ठेवावा? रेड १ आहेच.

---

दारवान

रेड १ डिस्क मेली तर वाचवतो. कुणी चुकून खातं पुसलं तर तो दोन्ही डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसतो.

यूपीएस यूएसबीने मशीनला जोडा आणि नट (यूपीएसवर नजर ठेवणारा प्रोग्राम) टाका. बॅटरी खालावली की मशीन स्वतःहून नीट बंद व्हायला हवं. राउटर आणि स्विचही त्याच यूपीएसवर घ्या. बायोसमध्ये वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय चालू करा. जुन्या मशीनचा सीआर२०३२ सेल आत्ताच बदला. तो संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, प्रमाणपत्रं अवैध ठरतात, रिलेची टीएलएस जोडणी तुटते, आणि बायोसची सेटिंगंही पुसली जातात. क्रोनी हा प्रोग्राम नेटवरून घड्याळ लावतो, पण नेटवर्क आल्यावरच.

प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टचं घेतलं असेल तर नूतनीकरणानंतर पोस्टफिक्स आणि डव्हकॉट रीलोड करणारा हुक (आपोआप चालणारी आज्ञा) लावा. फाइल नवी होते, प्रोसेस मात्र मेमरीतलं जुनंच प्रमाणपत्र देत राहते. हे अडीच-तीन महिन्यांनी, सगळं विसरल्यावर बाहेर येतं.

बॅकअपसाठी रेस्टिक हा प्रोग्राम, रोज रात्री. आधी मारियाडीबीचा डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत), मग मेलडिर (मेल साठवलेले फोल्डर), तुमची कॉन्फिगरेशन आणि डीकेआयएमची खासगी किल्ली. मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल, त्यामुळे चालू सर्व्हरवरूनही प्रत नीट निघते. एक प्रत शाळेतल्याच दुसऱ्या मशीनवर, एक शाळेबाहेर. रेस्टिक मुळातच एन्क्रिप्ट करतो, त्याचा पासवर्ड कागदावर लिहून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. सर्व्हर गेला आणि पासवर्डही त्यातच होता, तर बॅकअप असून नसल्यासारखा.

स्मार्टमॉनटूल्स टाका, डिस्कच्या आरोग्यात बदल झाला की मेल येऊ द्या. आणि ती मेल या सर्व्हरवर नको, बाहेरच्या खात्यावर. एमडीएडीएमच्या इशाऱ्याचंही तसंच.

मुलांची खाती उघडण्याआधी एक तालीम करा. एका चाचणी खात्यातल्या मेल पुसा, कालच्या बॅकअपमधून फक्त तेवढंच खातं वेगळ्या जागी परत काढा, फाइलींची मालकी व्हीमेलला (मेलच्या फाइलींचा मालक असलेला सर्व्हरवरचा वापरकर्ता) द्या आणि वेबमेलमध्ये उघडून बघा. मालकी रूटची राहिली तर डव्हकॉट 'परमिशन डिनाइड' म्हणतो आणि खातं उघडतच नाही. लागलेला वेळ त्याच कागदावर पासवर्डखाली लिहून ठेवा.